एडिटिंग पीसीत ड्राइव्ह कशा लावायच्या: रेड झिरो करू की नवीन एनव्हीएमई घेऊ?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. रायझन ७ ५७००एक्स, बी५५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. ५०० जीबीच्या एनव्हीएमईवर (बोर्डावरच बसणारी वेगवान एसएसडी) विंडोज आणि प्रीमियर (एडिटिंगचं सॉफ्टवेअर), २ टीबीच्या हार्ड डिस्कवर सगळं फुटेज, आणि जुन्या पीसीतली १ टीबीची हार्ड डिस्क नुसतीच जोडून ठेवलेली. काम लग्नाचं, एक सोनी ए७ थ्री, एक ए७ फोर आणि वर ड्रोन. मल्टिकॅम (सगळ्या कॅमेऱ्यांच्या क्लिप्स एकदम) लावला की टाइमलाइन अडकते, स्क्रब करताना, म्हणजे टाइमलाइनवर पुढे-मागे सरकताना, दोन-दोन सेकंद थांबते, आणि दुकानदार म्हणतोय की दोन्ही हार्ड डिस्कची रेड झिरो करून देतो (दोन डिस्क जोडून एकच ड्राइव्ह), नाहीतर सरळ जेन फोर, म्हणजे जास्त वेगवान पिढीची, एनव्हीएमई घ्या.

रेड झिरो करू नका. जेन फोरचा हट्टही धरू नका. एक चांगली एनव्हीएमई घ्यावी लागेल बहुतेक, पण ती घेण्याआधी एक फुकटची टेस्ट करा कारण तुमचा अर्धा त्रास डिस्कचा नसावा अशी मला शंका आहे.

टेस्ट अशी. जिथे सगळ्यात जास्त अडकतं तो मल्टिकॅमचा तुकडा घ्या, त्यातल्या तिन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप्स कॉपी करून सी ड्राइव्हवर म्हणजे एनव्हीएमईवर टाका, नवीन प्रोजेक्टमधे त्याच क्लिप्स लावा आणि प्ले करा. बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेवा, परफॉर्मन्स टॅबवर. आता मख्खनसारखं चाललं तर दोष हार्ड डिस्कचा. एनव्हीएमईवरून पण तितकंच अडकत असेल तर कितीही महाग ड्राइव्ह घ्या, फरक पडणार नाही. हीच टेस्ट उलट बाजूने पण करा, नेहमीचा प्रोजेक्ट हार्ड डिस्कवरून चालवा आणि डिस्कचा आलेख बघा. अॅक्टिव्ह टाइम १०० टक्क्याला चिकटलाय आणि वाचायचा वेग मात्र २०-३० एमबी प्रति सेकंद एवढाच दिसतोय, असं चित्र असेल तर समजून जा की डिस्कचा जीव चाललाय. डिस्क निवांत आणि सीपीयू १०० टक्के, तर गोष्ट वेगळी.

ती वेगळी गोष्ट आधी संपवतो. ए७ फोरवर तुम्ही १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) शूट करत असाल, बरेच जण ग्रेडिंगसाठी म्हणजे नंतर रंग सुधारायला करतात, तर ते फुटेज आरटीएक्स ३०६० च्या डिकोडरला उघडताच येत नाही, एनव्हिडियात ४:२:२ ची सोय ५० सिरीजपासून आली. मग सगळा भार सीपीयूवर येतो. ए७ थ्रीचं ८ बिट ४:२:० फुटेज तेच कार्ड आरामात उघडतं. म्हणजे टाइमलाइनवर फक्त ए७ थ्री असताना मस्त चालतं आणि ए७ फोरची क्लिप आली की अडकतं असं होत असेल तर तो ड्राइव्हचा विषयच नाही, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) बनवा नाहीतर ए७ फोर ४:२:० वर शूट करा. लग्नाच्या ट्रॅडिशनल व्हिडिओला ४:२:२ ने काय फरक पडतो हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही, सिनेमॅटिक हायलाइटचं सोडून द्या.

आता समजा टेस्टमधे डिस्कच दोषी निघाली. मग आधी हे समजून घ्या की ती का दोषी आहे, कारण इथेच लोक चुकीच्या वस्तूला पैसे घालतात.

हिशोब करून बघा. ए७ थ्रीचं ४के २५पी फुटेज १०० एमबीपीएसचं असतं. हे मेगाबिट आहेत, आठने भागा, साडेबारा मेगाबाइट प्रति सेकंद. तीन कॅमेरे धरले तरी चाळीसच्या आत. ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क सलग वाचताना दीडशे-दोनशे एमबी देते. मग अडकायचं कारण काय? कारण ती सलग वाचतच नाही. हार्ड डिस्कमधलं हेड एकाच वेळी एकाच जागी असतं, एका क्लिपचा तुकडा वाचायचा, उडी मारून दुसऱ्या क्लिपकडे जायचं, तिथून तिसऱ्या, आणि प्रत्येक उडीला साधारण ८ ते १० मिलिसेकंद जातात. किराणा दुकानात एकटा मालक असतो आणि तीन गिऱ्हाइकं एकदम मागतात, वर मधेच कुणीतरी उधारीच्या वहीत लिहायला सांगतं, तसं. मालक काही हळू नाहीये, पण त्याचा वेळ सगळा येरझाऱ्यात जातो. तुमच्या बाबतीत उधारीची वही म्हणजे कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल्स), आवाजाचे वेव्हफॉर्म, ऑटोसेव्ह, आणि मागे चालू असलेली कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाची कॉपी.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं. एसएसडीत हेडच नाही. साधी साटा (केबलने जोडायची) एसएसडी साडेपाचशे एमबीच्या पुढे जात नाही, जेन थ्री एनव्हीएमई साडेतीन हजारापर्यंत आणि जेन फोर सात हजारापर्यंत जाते, पण चाळीस एमबी मागणाऱ्या टाइमलाइनला या तिन्हींमधला फरक दिसणार कसा? हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर गेलात तर जमीन-अस्मानाचा फरक, तिथून एनव्हीएमईवर थोडासा, आणि जेन थ्रीवरून जेन फोरवर गेलात तर फक्त फाइल कॉपी करताना समाधान. हो, तुम्ही प्रोरेस ४२२ एचक्यूमधे (मोठ्या फाइल्सचा फॉरमॅट) काम करत असता तर आकडे वेगळे झाले असते, ४के २५पी ला सातशे तीस-चाळीस एमबीपीएस म्हणजे नव्वदच्या वर मेगाबाइट, तीन कॅमेरे म्हणजे पावणेतीनशे, तिथे हार्ड डिस्क सलग वाचूनसुद्धा पुरत नाही. लग्नाच्या कामात ही वेळ येत नाही. एडियस (दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर) वापरणारे सगळं फुटेज त्याच्या एचक्यूएक्स फॉरमॅटमधे कन्व्हर्ट करून घेतात त्यांनी मात्र आपला हिशोब वेगळा मांडावा, ती फाइल फुगते.

रेड झिरोबद्दल. दोन डिस्कवर फाइलचे तुकडे आळीपाळीने लिहिले जातात, सलग वाचायचा वेग जवळपास दुप्पट होतो, पण उड्यांचा वेळ तसाच राहतो, आणि तुमचा त्रास उड्यांचा आहे. वर दोनपैकी एक डिस्क गेली की दोन्हीवरचा डेटा गेला. त्यात एक २ टीबीची आणि एक जुनी १ टीबीची, म्हणजे रेड लहान डिस्कच्या मापाने बनणार, म्हातारी डिस्क गेली की नवीनवरचं फुटेज पण बुडणार. लोकांच्या लग्नाचा डेटा आहे, परत शूट करता येत नाही. एसएसडी महाग होत्या तेव्हा रेड झिरोला अर्थ होता, आज अशा मशीनमधे नाही.

आणि एकच डिस्क पार्टिशन करून एकीकडे फुटेज, एकीकडे कॅशे असं करणारे पण बरेच भेटतात. त्याने विंडोजमधे ड्राइव्ह दोन दिसतात, आत हेड तेच एक. उलट दोन पार्टिशन डिस्कच्या दोन टोकांना पडल्यामुळे उड्या लांब होतात. वाटणी करायची ती खऱ्या वेगळ्या ड्राइव्हवर.

तर तुमची मांडणी मी अशी करेन.

सी ड्राइव्हवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, बस. डेस्कटॉपवर फुटेज ठेवायची सवय मोडा. नवीन एनव्हीएमई चालू कामासाठी: जे लग्न सध्या टेबलवर आहे त्याचं फुटेज, प्रॉक्सी, गाणी, प्रोजेक्ट फाइल, सगळं एका फोल्डरमधे. साइज किती? १०० एमबीपीएसला तासाचे ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे आणि ड्रोन मिळून हळद, लग्न, रिसेप्शन धरून सहा-सात तास फुटेज म्हणजे तीनशे जीबीच्या आसपास. सीझनमधे दोन-तीन लग्नं एकदम अडकलेली असतात (अल्बमची गाणी फायनल होत नाहीत हे आपलं सगळ्यांचं दुखणं) म्हणजे १ टीबी लगेच भरते, आणि एसएसडी गळ्यापर्यंत भरायची नसते, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवायची. बजेट असेल तर २ टीबीच घ्या, जेन फोरचे जास्तीचे पैसे वाचवून साइजमधे घाला.

कुठली घ्यायची यात एक फसवणूक असते. स्वस्तातल्या क्यूएलसी (एका सेलमधे चार बिट कोंबणाऱ्या) एसएसडी खोक्यावर मोठे आकडे लिहितात, पण तो वेग आतल्या एसएलसी कॅशेचा असतो, ड्राइव्हचा मोकळा भाग तात्पुरता वेगवान लिहिण्यासाठी वापरतात तो. तुम्ही अडीचशे-तीनशे जीबीचा डेटा एकदम ओतलात की मधेच कॅशे भरते आणि मग लिहिण्याचा वेग असा पडतो की काही ड्राइव्ह हार्ड डिस्कपेक्षा खाली जातात. ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ही कॅशे छोटी. गेमिंगवाल्याला हे कधी जाणवत नाही, आपल्याला पहिल्याच लग्नाला जाणवतं. म्हणून टीएलसी (सेलमधे तीन बिट) मागा, शक्यतो डीरॅम म्हणजे स्वतःची छोटी मेमरी असलेली, आणि टीबीडब्ल्यूचा (एकूण किती टीबी लिहिता येईल त्याचा) आकडा बघा, १ टीबीच्या बऱ्या टीएलसी ड्राइव्हला ६०० च्या आसपास असतो. दुकानदाराला मॉडेल नंबर विचारा, "एनव्हीएमई आहे साहेब, सगळ्या सारख्याच" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर मॉडेल घरून ठरवूनच जा, तिथे उभं राहून ठरवायला गेलं की जे स्टॉकमधे आहे तेच चांगलं असतं.

बसवायची कुठे? बी५५० ला पहिला एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसवायची जागा) थेट सीपीयूला जोडलेला असतो, जेन फोर एक्स४. तिथे तुमची विंडोजची ड्राइव्ह बसलेली असणार. दुसरा स्लॉट असेल तर तो चिपसेटवरून, जेन थ्री. काही जण म्हणतील विंडोजची काढून नवीन पहिल्यात टाका, मी म्हणतो राहू द्या, दुसऱ्या स्लॉटचा जेन थ्री वेग तुमच्या टाइमलाइनच्या गरजेच्या कित्येक पट आहे. एक मात्र करा, बोर्डाचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की दोन साटा पोर्ट बंद पडतात, बहुतेक पाचवा-सहावा. मग लोक घाबरतात की एनव्हीएमई लावली आणि हार्ड डिस्क गायब झाली. गेली नाही ती, केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

दुसरा स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या खाली येतो आणि त्याच्या गरम हवेत बसतो. आपल्याकडे लग्नाचा सीझन म्हणजे एप्रिल-मे, लातूर-नांदेड असो की अकोला-नागपूर, खोलीत एसी नसेल तर कॅबिनेटच्या आत काय होत असेल विचार करा. एनव्हीएमई तापली की स्वतःहून वेग कमी करते, कॉपी अर्ध्यातून हळू पडायचं हे पण एक कारण असतं. हीटसिंक लावा, आणि हीटसिंकच्या पॅडवरचा प्लास्टिकचा कागद सोलायला विसरू नका, हसू नका, दुरुस्तीला आलेल्या मशीनमधे तो कागद तसाच असलेला सर्रास दिसतो.

कॅशेसाठी माझा सल्ला असा की घरात किंवा जुन्या लॅपटॉपमधे २४०-४८० जीबीची साटा एसएसडी पडलेली असेल तर ती कामाला लावा. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमधे मीडिया कॅशे म्हणून भाग आहे, तिथे फाइल्स आणि डेटाबेस दोन्हीचं ठिकाण बदलून या ड्राइव्हवर द्या. नाही बदललं तर ते गुपचूप सी ड्राइव्हवर यूजरच्या अॅपडेटा फोल्डरमधे साठत जातं, आणि "सी ड्राइव्ह लाल झाली, काय डिलीट करू" हे फोन येतात ते याच्यामुळेच. तिथेच जुन्या कॅशे फाइल्स आपोआप काढायचा पर्याय आहे तो चालू करा. डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर प्रेफरन्सेसमधे मीडिया स्टोरेजची यादी असते, त्यातली पहिली ड्राइव्ह कॅशेला वापरली जाते, म्हणून एसएसडी पहिल्या नंबरला ठेवा, आणि चालू प्रोजेक्टच्या सेटिंगमधे वर्किंग फोल्डर्स पण तपासा. आफ्टर इफेक्ट्समधे टायटल बनवत असाल तर त्याची डिस्क कॅशेही इथेच. कॅशे ही अशी एकच गोष्ट आहे जी उद्या उडाली तरी काही बिघडत नाही, परत बनते, म्हणून तिला जुनी ड्राइव्ह चालते. आणि जुनी एसएसडी नसेल तर? मुद्दाम विकत घेऊ नका, नवीन एनव्हीएमईवरच फुटेजशेजारी वेगळा फोल्डर करा. कॅशे वेगळ्याच ड्राइव्हवर हवी हा नियम हार्ड डिस्कच्या काळातला, एनव्हीएमई दोन्ही कामं एकत्र झेपवते.

२ टीबीची हार्ड डिस्क संपलेल्या कामांना आणि एक्सपोर्टला. एक्सपोर्ट हार्ड डिस्कवर म्हटलं की लोक दचकतात. पण ५० एमबीपीएसची फाइल बनवताना एक्सपोर्ट अगदी फुटेजच्याच वेगाने चालला तरी सेकंदाला सहा-सात एमबी लिहावे लागतात, ते पण सलग, तेवढं ती झोपेत लिहिते. एक्सपोर्टचा वेळ डिकोड, इफेक्ट आणि एन्कोडमधे जातो, लिहिण्यात नाही. फक्त ज्या डिस्कवरून वाचताय त्याच हार्ड डिस्कवर लिहू नका.

ती हार्ड डिस्क एसएमआर आहे का हे पण बघून घ्या. त्यात ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, त्यामुळे मोठं लिखाण चालू असताना मधेच ती आतल्या आत आवराआवर करायला लागते आणि वेग कोसळतो. सीगेटची २ टीबी बाराकुडा आणि डब्ल्यूडीच्या काही ब्लू या प्रकारातल्या आहेत. २०२० मधे तर डब्ल्यूडीच्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) 'रेड' नावाच्या मालिकेतही २ ते ६ टीबीच्या ड्राइव्ह एसएमआर निघाल्या आणि बराच गदारोळ झाला, नंतर सीएमआरवाल्यांना, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्यांना, रेड प्लस नाव दिलं. साठवून ठेवायला एसएमआर ठीक आहे, त्यावर एडिट करू नका एवढंच. सीसीटीव्हीवाल्या पर्पल किंवा स्कायहॉक ड्राइव्ह दुकानदार एडिटिंगला देतात, त्या पण साठवायला चालतील, टाइमलाइनला नाही.

राहिली जुनी १ टीबी. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघा. पिवळं दिसलं, रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कच्या खराब जागा) वाढत असतील तर काढून टाका, मोह धरू नका. सी७ नंबरची ओळ म्हणजे सीआरसी एरर वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क नाही, साटा केबल खराब असते, केबल बदला. डिस्क चांगली निघाली तरी कॅबिनेटमधे ठेवून तिला बॅकअप म्हणू नका. पॉवर सप्लाय उडाला किंवा वीज पडली तर सगळ्या ड्राइव्ह एकत्र जातात. ती यूएसबी केसमधे घाला आणि कार्ड खाली करताना दुसरी कॉपी तिच्यावर मारा, मग कपाटात. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट मारायचं नाही हा नियम असिस्टंट पोराला पण पाठ करायला लावा. यूपीएस असेलच, नसेल तर एसएसडीच्या आधी तो घ्या.

कार्ड खाली करायला वेळ लागतो असंही तुम्ही ओघात लिहिलंय. रीडर कुठे लावता ते बघा. कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट यूएसबी २ चा असेल तर ३५-४० एमबीच्या वर जात नाही. मागच्या यूएसबी ३ ला लावा. यूएचएस वन कार्डाची मर्यादा १०४ एमबी आहे, यूएचएस टूची ३१२, पण त्याला रीडर पण यूएचएस टूचा लागतो, नाहीतर महागडं कार्ड वन सारखंच चालतं.

हे वाचून कुणी जुन्या एच६१ किंवा एच८१ बोर्डवर असंच करायला जाईल म्हणून सांगतो, एच६१ चे सगळे साटा पोर्ट ३ जीबीपीएसचे आहेत, एच८१ ला दोन ६ चे आणि दोन ३ चे. एच८१ वर एसएसडी ६ वाल्या पोर्टला लावा. एच६१ वर साटा एसएसडी अर्ध्या वेगाने चालेल, पण हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला ती पण रॉकेट वाटते.

आता प्रत्यक्ष बदल कसा करायचा. नवीन ड्राइव्ह आली की प्रीमियर बंद करा, चालू प्रोजेक्ट्सचे फोल्डर जसेच्या तसे, नावं न बदलता, नवीन ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपीनंतर फोल्डरची साइज आणि फाइल्सची संख्या जुळवून बघा. मग डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन हार्ड डिस्कचं अक्षर बदला, समजा ती डी होती तर एक्स करा, आणि नवीन एनव्हीएमईला डी द्या. प्रीमियरला पाथ तोच दिसतो, त्यामुळे मीडिया ऑफलाइनचा लाल पडदा येत नाही आणि रीलिंकची कटकट वाचते. दोन गोष्टी लक्षात ठेवा: कॅशेचा पाथ हार्ड डिस्कवर दिलेला असेल तर तो आधी बदला, आणि डी वर एखादं सॉफ्टवेअर किंवा प्लगइन इन्स्टॉल केलं असेल तर अक्षर बदलल्यावर ते चालायचं थांबेल, ते परत टाकावं लागेल. जुने, संपलेले प्रोजेक्ट आता एक्सवर आहेत, ते उघडाल तेव्हा एकदा एक क्लिप दाखवून द्या, त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या प्रीमियर स्वतः शोधतो. हार्ड डिस्कवरची मूळ कॉपी मात्र ती लग्नं डिलिव्हर होऊन पार्टीचा पेनड्राइव्ह गेल्याशिवाय पुसू नका.